खारी माती

धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, टाकायची माती आधी जिभेला लावून बघायची, ही आमच्याकडची रीत. नाल्याच्या काठची पांढरट माती चिमटीत घ्यायची, जिभेच्या टोकावर ठेवायची, डोळे मिटायचे आणि मग थुंकायचं. जितकी खारट तितकी चांगली. खारी माती पाणी प्याली की फुगते आणि वरचं पाणी खाली सोडत नाही, म्हणून मिरग लागायच्या आत गावातल्या प्रत्येक धाब्यावर तिचा एक थर पडायचाच. पिंपळगाव राजापासून बैलगाडीच्या वाटेवर आमचं गाव. इथली माणसं एक वेळ पोरीच्या लग्नात गप्प बसतील, पण दुसऱ्याच्या धाब्यावर कसली माती पडली यावर बोलल्याशिवाय त्यांना घास गिळत नाही.

मला हे चांगलं माहीत आहे, कारण माझी पिठाची गिरणी आहे. दळण होईपर्यंत माणसाला काम नसतं, आणि काम नसलेला माणूस आमच्याकडं सल्ला देतो. पुंजाजीच्या घराबद्दल गावानं जे जे सल्ले दिले ते सगळे माझ्या गिरणीत, इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून दिले गेले. त्यातला एकही वाईट मनानं दिलेला नव्हता. वाईट मनानं दिला असता तर मला कोणाला तरी शिव्या देता आल्या असत्या.

पुंजाजी माझा शेजारी. त्याच्या आणि माझ्या आवारात एक कडुनिंब आणि गुडघाभर भिंत, एवढंच अंतर. मळ्यात मिरची, वांगी करायचा, कामाला वाघ आणि बोलायला गरीब. बायको झुंबरबाई. फार नवससायासांनी त्यांना एक मुलगी झाली, तिचं नाव रुख्मिणी. सगळं गाव तिला रुख्मी म्हणायचं.

महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. पुंजाजी धाब्यावर माती टाकत होता. आता धाबं म्हणजे काय, तर भिंतींवर लाकडाच्या कड्या, त्यांवर फळ्या, फळ्यांवर पळसाचा पाला आणि त्याच्यावर माती. दर वर्षी नवा थर टाकायचा, पण जुना खरवडून काढायचा नाही. बापानं टाकलेली माती कशाला काढायची? अशी वरून माती वाढत जायची आणि खालून वाळवी लाकूड खात जायची. पुंजाजी त्या मातीवर धुम्मस मारत होता, म्हणजे दांड्याला लावलेला जड ठोकळा उचलून दाणकन आपटत होता, थर दबावा म्हणून. ऊन मरणाचं होतं. त्याला तहान लागली. त्यानं वरूनच हाक दिली, "रुख्मे, पानी आन व माय!"

पोरगी अंगणात आईजवळ मिरच्या पसरत होती. उठली आणि माठाकडं, घरात गेली. पुंजाजीनं धुम्मस आणखी एकदा हाणला आणि आख्खं धाबं बसलं. तो मातीबरोबर खाली आला, पाय मोडला, पण मातीच्या वर राहिला. पोरगी खाली राहिली. आम्ही हातांनी उकरलं. मी तिला बाहेर काढलं तेव्हा तिच्या हातात तांब्या होता, एवढंच सांगतो, त्याच्यापुढं मला सांगवत नाही.

त्या दिवसापासून झुंबरबाईनं कोणत्याही धाब्याखाली पाय ठेवला नाही. शेजाऱ्याच्या नाही, भावकीच्या नाही, देवळाच्या ओवरीतसुद्धा नाही. कडुनिंबाखाली रांधायची, कडुनिंबाखाली निजायची. पाऊस आला की वाकळ उचलून माझ्या गिरणीच्या टिनाखाली यायची आणि पोत्यांवर बसून राहायची. एकदा मी म्हणालो, "वहिनी, टिन बी पडू शकते."

"टिन पडलं तं डोकं फुटन, वामनभाऊ," ती म्हणाली. "दबून तं नाई मरत ना मानूस."

पुंजाजी दारात उभा होता. त्यानं ते ऐकलं आणि लंगडत निघून गेला.

दोन पावसाळे असे गेले. मग त्यानं ठरवलं की घरावर स्लॅब टाकायची. गावात तोवर कोणी स्लॅब पाहिलेली नव्हती. मी त्याला म्हणालो, टिन टाक, मोकळा हो. तो म्हणाला, "टिनाचं घर म्हंजे गोठा. मले तिले असं घर द्याचं हाय का जे पडूच शकत नाई." त्याच्या डोक्यात दुसरं काही शिरेना. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. त्यासाठी त्यानं खामगाव आणि बुलढाण्याच्या इतक्या चकरा मारल्या की एस.टी.चे कंडक्टर त्याला नावानं हाक मारायला लागले. सिमेंट मिळालं, लोखंडी सळ्या आल्या, खामगावहून मोतीराम मिस्त्री आला. झुंबरबाईला भावाकडं बीबी गावाला धाडून पुंजाजीनं एकच खोली बांधली, पण तिच्यावर स्लॅब टाकली. सगळं गाव वर चढून नाचून आलं. अर्जुनराव, आमच्या गावचा मातीतला दर्दी, त्यानं तर वाकून स्लॅबलाही जीभ लावायची बाकी ठेवली होती.

मोतीराम मिस्त्री हसला नाही. तो म्हणाला, "राजेहो, नाचा, नाचाले काई हरकत नाई. स्लॅब वझं पेलते. पानी नाई पेलत. पान्याचा बंदोबस्त येगळा कराव लागते."

तो बंदोबस्त म्हणजे कोबा. विटांचे तुकडे आणि भिजवलेला चुना मिसळून स्लॅबभर पसरायचा, असा की सगळं पाणी दोन पन्हाळ्यांकडं उतरलं पाहिजे, मध्ये कुठं डबकं राहता कामा नये. कठड्याच्या भिंतीला स्लॅब जिथं भेटते तिथं काटकोन ठेवायचा नाही, चुन्याची गोल भर द्यायची. पाणी कोपऱ्यातूनच शिरतं. आणि मग बायकांनी रांगेनं बसून लाकडी थापीनं तो कोबा पिटायचा. गुळाचं आणि बेलफळाचं पाणी शिंपडत, गाणी म्हणत, दिवसामागून दिवस, थापी उसळी खाऊन टण्ण वाजेपर्यंत. शेवटी चारी बाजूंनी मातीचे बांध घालून वर पाणी तुंबवून ठेवायचं आणि खाली बसून वाट बघायची. थेंब आला नाही, तर छत पास.

"पिटन्यातच सारं हाय," मोतीराम म्हणाला. "पिटल्याबिगर कोबा म्हंजे नुस्ता खिचडा."

पिटायला तानाबाई आपल्या बायका घेऊन आली. पहिला दिवस चांगला गेला, बायकांनी गाणी म्हटली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी झुंबरबाई भावाबरोबर बीबीहून परत आली.

बायका तेव्हा जेवायला बसल्या होत्या, त्यामुळं सगळं शांत होतं. झुंबरबाई खोलीभोवती फिरली. भिंतीला हात लावून पाहिला. आम्ही सगळे गुडघाभर भिंतीपलीकडून बघत होतो. ती उंबऱ्यात थांबली, मान वर केली.

"याले कड्या नाईत?"

"नाई," पुंजाजी म्हणाला.

"मंग वाळवी काय खाईन?"

"काईच नाई. उपाशी मरन."

ती हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा. हसतच आत गेली, गाठोडं कोपऱ्यात ठेवलं आणि जमिनीवर मांडी घालून बसली. पुंजाजीनं माझ्याकडं पाहिलं तेव्हा त्याचं तोंड लहान पोरासारखं झालं होतं.

तेवढ्यात वर बायकांचं जेवण आटोपलं. त्या रांगेनं बसल्या आणि सगळ्या थाप्या एकदम पडल्या.

पुढचं मी कानानं ऐकलं आणि डोळ्यानं पाहिलं. ती किंचाळत बाहेर आली, कडुनिंबाला मिठी मारली आणि ओरडत राहिली, "उतरवा त्यायले! उतरवा! रुख्मी आत हाय!" आमच्यापैकी एकाच्याही टाळक्यात आलं नव्हतं की खाली बसलेल्या माणसाला थापीचा आवाज धुम्मसासारखाच येतो. गावात एवढे सल्ले देणारे, पण हे कोणाला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी तानाबाईनं हळू हातानं पिटून पाहिलं. झुंबरबाई कडुनिंबाखाली कानांवर हात दाबून बसली. मोतीराम म्हणाला, वहिनीला आठवडाभर परत बीबीला धाडा. पण ती झाड सोडेना. आपण गेलो की हे लोक पिटणार, हे तिला कळत होतं. तिनं एकच सांगितलं, "ज्या घरावर पिटन होईन त्या घरात मी पाय नाई ठेवनार. आता नाई आन कधीच नाई."

पुंजाजीनं बायकांना खाली उतरवलं.

मोतीराम चिडला. कारागीर माणूस, अर्धं काम टाकून जायचं त्याच्या जिवावर आलं. "अर्धा कोबा बिन कोब्याहून वाईट, पुंजाजी. पानी आत शिरन आन तठीच बसून राहीन. कोपरे तं अजून भरलेच नाईत."

"बसू दे."

"दिवाळीनंतर येतो मंग."

"नको येऊ. कोबा कोनासाठी होता, मिस्त्री? तिच्यासाठीच ना? तीच नाई आली तं कोरड्या घराचं मी काय करू?"

मोतीरामनं थाप्या पोत्यात भरल्या आणि तो गेला.

झुंबरबाई आत राहायला आली. मिरग कोरडाच गेला, आर्द्राही बेताचीच. ती छताखाली निजली, छताखाली रांधू लागली. आषाढात झड लागली आणि कठड्याच्या कोपऱ्यातून, जिथं गोल भर द्यायची राहिली होती तिथून, पाणी झिरपलं. पहिला थेंब तिच्या पाटावर पडला. तिनं वर पाहिलं, वाकळ गुंडाळली आणि माझ्या टिनाखाली पोत्यांवर येऊन बसली.

पुंजाजी पावसात वर चढून कोपऱ्यावर गोणपाट दाबत होता. इकडं गिरणीत सभा भरली. अर्जुनराव म्हणाला, "एवढं काय त्यात? खारी माती टाका. मातीखाली लाकूड टिकलं, हे तं लोखंड हाय." सगळ्यांना ते पटलं. गिरणीत एकही मान आडवी हलली नाही. आजवर गळक्या छताला आमच्या मुलखात दुसरं औषधच नव्हतं. बापाच्या, आज्याच्या काळापासून जे लागू पडलं ते आता का नाही पडणार?

पुंजाजी मात्र मातीचं नाव काढताच मागं सरला. धाबं पडल्यापासून त्यानं मातीच्या घमेल्याला हात लावला नव्हता. तो गिरणीत आला आणि झुंबरबाईसमोर उकिडवा बसला.

"माती टाकू म्हन्तात हे."

"टाका," ती म्हणाली. "पन पिटू नका."

त्यानं पिटली नाही. उघडीप पडताच नाल्यावरून गाडीभर माती आणली, जीभ लावून निवडलेली, आणि स्लॅबवर ओतून हातांनी पसरली. मग गुडघ्यांवर बसून तळहातांनी दाबत गेला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, लेकराला थोपटावं तसा. झुंबरबाई खाली आत बसून कान देत होती. वर माणूस असल्याची चाहूलही तिला लागली नाही. तो खाली उतरला तेव्हा त्याचे तळहात खारानं फाटले होते.

गळती थांबली. दुसरी झड आली, तिसरी आली, कोपरा कोरडा. अर्जुनराव आठवडाभर ताठ मानेनं गिरणीत येत होता, जणू स्लॅबचा शोध त्यानंच लावला.

मग बरी वर्षं गेली. मी खोटं बोलणार नाही, चांगली वर्षं गेली. झुंबरबाई माणसात आली. हे मला कशावरून कळलं, तर ती माझ्याशी भांडायला लागली. "वामनभाऊ, हे पीठ हाय का भरडा? म्हशीले घालू का हे?" असं म्हणत पिठाचा डबा माझ्यासमोर आदळायची. मी मनात म्हणायचो, आदळ बाई, रोज आदळ. आया-बाया पापड लाटायला तिच्याकडं जमायच्या, कारण गावात तेवढी एकच खोली अशी की जिच्यात वरून माती झडत नव्हती. आणि दर वर्षी मिरगाच्या आधी पुंजाजी एक नवा थर टाकायचा. पिटायचा नाही, थोपटायचा. त्याच्या स्लॅबवर पावसाळ्यात गवत उगवायचं आणि वाळल्यावर तेही तसंच राहायचं. पन्हाळ्या कधीच बुजल्या होत्या. पाणी वाहून जायचंच नाही. माती ते पिऊन ओली, गार बसायची दिवाळीपर्यंत. गाव म्हणायचं, उन्हाळ्यात पुंजाजीच्या घरात काय गारवा असतो!

छतावर आतून पहिल्यांदा तांबूस रेघा दिसल्या तेव्हा झुंबरबाईला वाटलं ओल आहे. तिनं दिवाळीला चुना मारला. पुढच्या वर्षी रेघा परत आल्या, आधीच्याहून रुंद आणि एकमेकींपासून सारख्या अंतरावर. तिनं परत चुना मारला. मग एका रेघेला फुगवटा आला, बारीक चीर पडली आणि चिरेतून पाणी टिपकलं. पुंजाजीचा जीव अर्धा झाला. त्याला एकच इलाज ठाऊक होता. नाल्याची माती आता कमी पडते, असं म्हणत तो गाडी जुंपून पार पूर्णेकडं, खारपाणपट्ट्यात गेला, जिथं विहिरीचं पाणीसुद्धा तोंडात धरवत नाही. तिथून त्यानं अशी माती आणली की जिभेला लावताच अर्जुनरावाचे डोळे पाणावले.

"वा!" अर्जुनराव म्हणाला. "याले म्हन्तात माती."

गळती थांबली. पुंजाजीनं नंतरची तीन-चार वर्षं तिथूनच माती आणली. बैल थकायचे, तो थकायचा, पण कंटाळला नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, घर राखाव लागते बाप्पा.

गेल्या साली पोळा होऊन गेल्यावर झुंबरबाई दुपारची पिठाचा डबा घेऊन माझ्याकडं आली आणि पीठ जाडं दळलं म्हणून मला सोलू लागली. मी इंजिन बंद केलं, तिला नीट भांडता यावं म्हणून. तेव्हा तिच्या घरातून आवाज आला. फार मोठा नव्हता. गाडीतून धोंडा उतरवावा एवढाच. ती बोलता बोलता थांबली आणि खाली बसली. ती घराकडं गेलीच नाही, मी गेलो. छताचा परातीएवढा तुकडा निघून तिच्या पाटा-वरवंट्यावर पडला होता. पाट्याचे दोन तुकडे झाले होते. वाटण अजून ओलं होतं.

मोतीराम मिस्त्रीला बोलावलं. तोही आता म्हातारा झाला होता, डोळ्यांना चष्मा होता. आधी तो वर चढला, पहारीनं माती उकरली, तर ती ढोपरभर निघाली. मग खाली येऊन, तुकडा पडला होता तिथं पहार हळूच लावली. आणखी एक खपली सुटली. आतली सळई दिसली. सळई कसली, नुसते तांबडे पापुद्रे. मोतीरामनं बोट लावलं, तर त्याचा चुरा हातात आला. दुसऱ्या टोकाला तीच स्थिती, मध्येही तीच.

"माह्या सार्‍या जिंदगीत असं नाई पाह्यलं," तो म्हणाला. "पान्यानं लोखंड गंजते, पन असं? कशानं खाल्लं हे?"

अर्जुनराव वाळवीचं नाव घेणार होता, पण ओठ मिटून बसला. झुंबरबाई अंगणातून, कडुनिंबाखालून बघत होती. तीच बोलली.

"मिठाच्या डब्याचं झाकन," ती म्हणाली. "टिनाचं असलं तं एका पावसाळ्यात असंच होते."

घराघरात मिठाची बरणी चिनी मातीची असते आणि तिच्यावर टिनाचं झाकण कोणी ठेवत नाही. गावातल्या प्रत्येक बाईला हे ठाऊक होतं. आणि इतकी वर्षं आम्ही जीभ लावून लावून, निवडून निवडून मीठ त्या लोखंडावर नेऊन ठेवत होतो. पुंजाजीनं आपले तळहात उताणे करून पाहिले आणि परत पालथे केले.

"काई होईन का, मिस्त्री?" त्यानं विचारलं.

"पाडाव लागन. सारी."

"कशी पाडतात?"

मोतीरामनं कडुनिंबाकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "घनानं. वर चढून. पन खरं सांगू का, याच्यावर चढाले आता मजूर भेटनार नाई. मी बी कोनाले चढा म्हननार नाई. तू याच्याखाली जाऊ नको, बस."

आम्ही चार बल्ल्या आणून आतून टेकू दिले. त्यानं फार काही होणार नाही, असं मोतीरामच म्हणाला. जाताना त्यानं पुंजाजीच्या खांद्यावर हात ठेवला. "त्या टायमाले मी कोबा पुरा करूनच जाले पायजे होतं," म्हणाला. पुंजाजी म्हणाला, "मंग ती आतच आली नसती." दोघांचंही खरं होतं, आणि दोन्ही खऱ्यांचा काही उपयोग नव्हता.

झुंबरबाई वाकळ घेऊन माझ्या टिनाखाली आली. या वेळी तिनं पिठाचा डबासुद्धा आणला आणि पोत्यांमागं नीट लावून ठेवला, म्हणजे मुक्कामाला आली. पीठ कसंही दळलं तरी ती आता बोलत नाही.

पुंजाजीनं त्या हिवाळ्यात माती उतरवली. आम्ही सगळे नको म्हणत होतो, तो शिडीवर उभा राहून, वर पाय न ठेवता, हाताला येईल तेवढी माती घमेल्यात ओढून खाली आणत राहिला. सगळी निघाली नाहीच. मधली तशीच राहिली. उतरवलेल्या मातीचा ढीग त्यानं नाल्यावर परत नेऊन टाकला. गावातल्या धाब्यांना ती चांगली चालली असती. कोणी मागितली नाही.

आणि उन्हाळा सरल्यावर तो बाज घेऊन आत राहायला गेला. आधी मला वाटलं, सामान काढतोय. मग दिवेलागणीला तो आतच. मी शिव्या दिल्या, अर्जुनरावानं हातापाया पडून पाहिलं, झुंबरबाईनं जेवणाचं ताट गुडघाभर भिंतीवर ठेवायला सुरुवात केली. तो यायचा, ताट घ्यायचा आणि आत जायचा. ती त्याला काही विचारायची नाही.

यंदा आषाढातली पहिली झड सुरू झाली. दुपारची वेळ, गिरणीत दळणाची गर्दी, इंजिन धडधडत होतं. झुंबरबाई पोत्यांवर बसून त्या खोलीकडं बघत होती. पाऊस वाढला तशी मला म्हणाली, "वामनभाऊ, त्यायले आना ना इकडं."

मी डोक्यावर गोणपाट घेऊन गेलो. खोलीत तीन ठिकाणी टिपकत होतं. बल्ल्यांच्या मध्ये बाज टाकून पुंजाजी उताणा पडला होता आणि वर बघत होता. तांबडं पाणी टिपकून त्याच्या धोतरावर डाग पडले होते.

"चाल बाहेर, लेका," मी म्हणालो. "मराचं हाय का?"

"वामन," तो अगदी शांतपणे म्हणाला, "त्या दिवशी मी वर होतो आन पोट्टी खाली होती. मीच बोलावलं तिले. पान्यासाठी." त्यानं कूस बदलली नाही. "आता मी खाली राह्यतो."

मी त्याचा हात धरून ओढला. त्यानं तो सोडवून घेतला. म्हातारा झाला तरी मळ्यातला हात. मी परत आलो. झुंबरबाईनं विचारलं, काय म्हणतात? मला खोटं सुचलं नाही, म्हणून जसंच्या तसं सांगितलं.

ती उठली, माझ्या माठातून तांब्याभर पाणी घेतलं आणि त्यावर पदर धरून बाहेर पडली.

"वहिनी, कुठी चालल्या?"

"ह्यायले पानी देऊन येतो."

मी मागोमाग धावलो. ती अंगण ओलांडून गेली, उंबऱ्याशी थांबली. मग तिनं मान खाली घातली, वर न बघता आत पाऊल टाकलं, आणि बल्ल्यांमधून वाट काढत बाजेपर्यंत गेली.

"तू काऊन आली?" पुंजाजी धडपडून उठला. "बाहेर हो! बाहेर हो म्हन्तो ना!"

"पानी मांगतलं होतं ना तुमी," ती म्हणाली. "घ्या."

त्यानं तांब्या घेतला. दोन्ही हातांनी धरून सगळं पाणी प्याला, आणि मग त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला सांगता येणार नाही. ती बाजेच्या काठावर बसली आणि तिनं त्याच्या पायावर हात ठेवला. मी दारातून हाका मारत होतो. वहिनी, चला, पुंजाजी, तिच्यासाठी तरी चाल. दोघंही हलली नाहीत. मग झुंबरबाईनं माझ्याकडं पाहिलं.

"गिरनी बंद करा, वामनभाऊ," ती म्हणाली. "हादरा बसते."

मी जाऊन इंजिन बंद केलं.

तेव्हापासून पाऊस आला की माझी गिरणी बंद असते. लोक दळण घेऊन ताटकळतात, शिव्या देतात, वामन माजला म्हणतात. म्हणू देत. मी पट्टा काढून ठेवतो आणि दारात बसून त्या स्लॅबकडं बघत राहतो. आत ती दोघं असतात.